पाच वह्या कशासाठी होत्या?

मार्च २०२० मध्ये व्हॅटिकनने पोप पायस बारावे यांच्या कारकिर्दीची दप्तरं अभ्यासकांना खुली केली आणि १९५३ साली फ्रान्सला ढवळून काढणारं फिनाली बंधूंचं प्रकरण पुन्हा चर्चेत आलं. रोबेर आणि जेराल ही व्हिएन्नाहून पळून आलेल्या एका ज्यू डॉक्टरची मुलं. १९४४ मध्ये नाझी जर्मनांनी त्यांच्या आईवडिलांना पकडून ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. ग्रेनोब्ल शहरातल्या एका कॅथलिक बाईने मुलांना सांभाळलं आणि युद्ध संपल्यावर त्यांना नातेवाइकांकडे द्यायला नकार दिला. आपल्याकडे अशा प्रकरणावर बोलणं निघालं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जीव धोक्यात घालून जिने वाढवलं तिचंच मूल, देवकीपेक्षा यशोदा मोठी. दुसरा म्हणतो, रक्ताचं ते रक्ताचं. मग वाद आईच्या मायेवर घसरतो आणि ज्या मुलाबद्दल बोलायचं ते बाजूलाच राहतं.

माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. छळाच्या काळात दुसऱ्याच्या हवाली केलेलं मूल ही ठेव होती. कोणाची, कोणाकडे आणि कोणाला परत द्यायची, हे ठेवीबाबत सगळ्यात आधी विचारायचं असतं, म्हणजे पहिला प्रश्न नोंदीचा. मुलाने पुढे कोणाच्या घरी राहायचं हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मुलागणिक बदलू शकतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र बदलत नाही. त्या मुलाचं नाव, त्याचे आईवडील, त्याचे हयात नातेवाईक हे सगळं त्याचं आहे आणि कितीही माया केली तरी ते दाबून ठेवण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. यशोदेचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. कंसापासून लपवलेल्या मुलासाठी अक्रूर रथ घेऊन येतो, तेव्हा गोकुळ रडतं, पण रथ अडवून ठेवत नाही.

ज्यू मुलांना नाझींपासून लपवणं म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहायला हवं. मनातलं चित्र असतं एका दयाळू बाईचं आणि माळ्यावरच्या खोलीचं. प्रत्यक्षात ते पंधरा-वीस जणांनी साखळीने करायचं काम होतं आणि एक कडी तुटली की मूल पकडलं जाई. अ‍ॅमस्टरडॅममधल्या प्लांटाज मिडनलान या रस्त्यावरचं एक नाट्यगृह १९४२ च्या उन्हाळ्यापासून ज्यूंना गोळा करण्यासाठी वापरलं जात होतं. तिथून वेस्टरबोर्कची छावणी, तिथून पोलंडला जाणाऱ्या गाड्या. लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. त्या पाळणाघराच्या प्रमुख होत्या हेन्रिएट पिमेंटेल, आणि नाट्यगृहातली कागदपत्रं वॉल्टर झ्युसकिंड या जर्मनीत जन्मलेल्या ज्यू माणसाकडे होती. गाडी निघण्यापूर्वी डोकी मोजली जात, म्हणून मूल बाहेर काढण्याआधी त्याचं कार्ड नोंदपेटीतून नाहीसं करावं लागे. कार्ड राहिलं आणि मूल गेलं तर पूर्ण पाळणाघर अडकणार. त्याहून अवघड काम त्याच्याही आधीचं होतं, आईबापांना विचारण्याचं. पाळणाघरात काम करणाऱ्या मुली बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या, स्वतः ज्यू. रस्ता ओलांडून जायचं आणि एका आईला विचारायचं की, तुमचं बाळ आम्हाला द्याल का? कुठे जाईल ते सांगता येणार नाही. पुष्कळांनी नाही म्हटलं. प्रवासात मुलाचा हात आपल्या हातात असावा, एवढंच त्यांना हवं होतं आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आज कोणालाही नाही. ज्यांनी हो म्हटलं त्यांतल्या काहींनी दुपट्यात गुंडाळलेली बाहुली छातीशी धरून गाडी गाठली. पहारेकऱ्याला बाळ दिसायला हवं होतं.

मग बाहेर काढणं. रस्त्यावरून ट्राम जात असे. ती थांब्यावर उभी राहिली की समोरच्या पहारेकऱ्याला पाळणाघराचं दार दिसेनासं होई. तेवढ्या वेळात मुलाला घेऊन दाराबाहेर पडायचं आणि ट्रामच्या आडोशाने तिच्या बरोबरीने चालत कोपरा गाठायचा. दुसरी वाट मागच्या बागेतून, कुंपणावरून शेजारच्या अध्यापक विद्यालयात, जिथे योहान व्हान हुल्स्ट प्रमुख होते. तान्ही बाळं पाठीवरच्या पिशवीत, धुण्याच्या टोपलीत, बटाट्याच्या पोत्यात घालून गेली. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीला पाळणाघर रिकामं केलं गेलं, तोवर साधारण ६०० मुलं निसटली होती. पिमेंटेल ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. झ्युसकिंडही युद्धाचा शेवट पाहू शकला नाही.

दारातून बाहेर पडलं म्हणजे मूल वाचलं असं मात्र नव्हतं. उट्रेख्ट आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यार्थ्यांचे गट पुढचा प्रवास करत. एक तरुण मुलगी आणि एक मूल, आगगाडीने, तीन-चार तास. तिसऱ्या माणसाला ताई-भाऊ वाटावेत अशी जोडी लागे. काळ्या केसांची मुलं शक्यतो दक्षिणेकडच्या लिंबुर्ख प्रांतात, सोनेरी केसांची उत्तरेला फ्रीसलंडमध्ये, म्हणजे गावातल्या पोरांत ती उठून दिसू नयेत. शेजाऱ्यांना सांगायला गोष्ट हवी. मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख झाला होता, म्हणून "रॉटरडॅमचं अनाथ पोर" ही गोष्ट चालत असे. बाळ उंबऱ्यावर ठेवून "बेवारस सापडलं" म्हणण्याची युक्तीही होती, पण सापडलेलं प्रत्येक बाळ ज्यूच धरावं असा हुकूम काढून जर्मनांनी ती वाट बंद केली. त्यानंतर रेशन. दूध, पाव, साखर, साबण, बूट सगळं कूपनवर. एका जास्तीच्या तोंडाचं कूपन दर महिन्याला आलं नाही, तर घरच्यांच्या ताटातून वाटा काढावा लागतो आणि दुकानदारालाही संशय येतो. म्हणून भूमिगत गट रेशन कचेऱ्यांवर छापे घालून कूपनं पळवत. पैसा लागे, तो छुपेपणाने छापलेल्या कवितेचे कागद विकूनसुद्धा उभा केला गेला. उलट बाजूचा हिशेबही नेमका होता. १९४३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या खबऱ्यांच्या टोळीला पकडून दिलेल्या प्रत्येक ज्यू माणसामागे साडेसात गिल्डर मिळत. मूल असलं तरी भाव तोच.

आणि बिघडायचं कुठे? बहुतेक वेळा अगदी साध्या जागी. कपड्याच्या कॉलरमागे आईने दोऱ्याने शिवलेलं नाव काढायचं राहून गेलेलं असे. खेळताना कोणी मागून जुन्या नावाने हाक मारली आणि मुलाने वळून पाहिलं. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकतात तेव्हा हे एक क्षण उशिरा टेकतं. पोलंडमध्ये बोलण्यातला यिडिशचा, म्हणजे ज्यूंच्या घरगुती भाषेचा, हेल कानावर यायचा. मुलग्यांची सुंता झालेली असे, ती कशानेही लपत नाही, म्हणून मुलग्यांसाठी घर मिळवणं मुलींपेक्षा फार कठीण. यावर उपाय एकच होता, घोकंपट्टी. फ्रान्समध्ये नीस शहरात मूसा अबादी आणि ओडेट रोझनस्टॉक यांनी तिथल्या बिशपच्या मदतीने ५२७ मुलं लपवली. त्यांच्याकडे आलेल्या मुलाला आधी नवं नाव शिकवत. नाव काय, जन्म कुठला, वडील काय करतात, हे पुन्हा पुन्हा विचारायचं, झोपेतून उठवूनसुद्धा विचारायचं, जुनं नाव तोंडातून येईनासं होईपर्यंत. पाच-सहा वर्षांच्या मुलाकडून त्याचं नाव काढून घेणं हा त्या कामातला सगळ्यात क्रूर भाग होता आणि तो करणाऱ्यांना ते पुरतं माहीत होतं.

म्हणूनच त्यांनी नोंदी ठेवल्या. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हाच आहे. धरपकडीच्या काळात कागदासारखी घातक वस्तू दुसरी नाही. यादी सापडली तर शेकडो मुलं आणि त्यांना ठेवून घेणारी घरं एका दिवसात संपतील. तरी बेल्जियममधल्या ज्यू संरक्षण समितीच्या बालविभागाने दोन हजारांहून जास्त मुलांची नोंद ठेवली, ती पाच वह्यांत फोडून. एकीत मुलाचं खरं नाव आणि एक आकडा. दुसरीत तोच आकडा आणि नवं नाव. आणखी एकीत आकडा आणि लपवल्याचं ठिकाण. आईवडिलांचा मूळ पत्ता वेगळ्याच वहीत. प्रत्येक वही वेगळ्या जागी. एक हाती लागली तरी तिच्यातून काही कळू नये आणि पाचही एकत्र आणल्या की प्रत्येक मूल आपल्या घरापर्यंत पोचावं. आंद्रे ग्यूलेन या ब्रुसेल्सच्या तरुण शिक्षिकेने या विभागासाठी मुलांना घरोघरून उचलून पोचवलं. आईबापांना ठिकाण न सांगणं हा कडक नियम, कारण छळ करून ते वदवून घेता आलं असतं. अबादींनी बिशपच्या निवासात कार्डं लपवली. वॉर्सामध्ये इरेना सेंडलर यांनी पातळ कागदाच्या पट्ट्यांवर नावं लिहिली आणि बरणीत घालून एका मैत्रिणीच्या बागेत पुरली. मुलांना फक्त जिवंत ठेवायचं असतं तर कागद टाळणंच शहाणपणाचं होतं. एवढा धोका पत्करून वह्या लिहिल्या, कारण मूल परत द्यायचं आहे हे लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं. ठेवीची पावती ठेवीदाराच्या हातात देता येत नव्हती म्हणून ती पाच ठिकाणी जपली.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते कमकुवत नाही आणि त्याला भावनिक म्हणून उडवून लावणं अन्याय होईल. दीड वर्षाचं मूल तीन वर्षं एका बाईला आई म्हणत असेल, तर त्याच्यासाठी ती आईच असते. तिच्यापासून ओढून काढलं तर मुलाचं घर दुसऱ्यांदा तुटतं. ठेवून घेणाऱ्यांनी जो धोका पत्करला त्याचं मोल करता येत नाही. पोलंडमध्ये ज्यूला आसरा देणाऱ्याला ऑक्टोबर १९४१ पासून मृत्युदंड होता. परत नेणारी मावशी किंवा काका कित्येकदा मुलाला कधी न भेटलेले, वेगळी भाषा बोलणारे. काही मुलं नातेवाइकांकडे गेलीच नाहीत, अनाथालयांत गेली आणि तिथे रात्री उशीत तोंड खुपसून जुन्या घराला हाका मारत राहिली. शिवाय ज्यू संस्थांचा आपला एक हेतू होता. अर्धीअधिक जमात मारली गेल्यावर त्यांना एकेक मूल परत हवं होतं, आणि "जमातीला हवं" आणि "मुलाला हवं" या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एक नव्हत्या. हे सगळं मला मान्य आहे.

भारतीय वाचकाला याहून मोठा दाखला आठवायला हवा. फाळणीनंतर पळवून नेलेल्या स्त्रियांना "परत आणण्या"साठी आपल्याकडे १९४९ मध्ये कायदा झाला. त्यात त्या बाईची इच्छा विचारण्याची गरज ठेवलेली नव्हती. नवा संसार उभा केलेल्या, मुलं झालेल्या बायकांना पोलिसांनी उचललं आणि ज्यांनी त्यांना नको म्हटलं अशा घरांच्या दारात नेऊन सोडलं. राष्ट्राला आपली माणसं परत हवीत, एवढ्यावर माणूस परत करणं किती निर्दय होऊ शकतं, याचा तो धडा आहे. मग फिनाली बंधूंच्या बाबतीत वेगळं का म्हणायचं?

कारण सरळ आहे. आधीचं दडवून ठेवलेलं असताना इच्छा विचारण्याला काही अर्थ नसतो. १९४९ च्या कायद्यातली बाई प्रौढ होती, आपण कोण, कुठल्या, हे तिला माहीत होतं, आणि तरीही तिला विचारलं नाही. लपवलेल्या मुलाला हेच माहीत नसतं. त्याला घोकवून घोकवून विसरायला लावलेलं असतं. त्याला "तुला इथे राहायचंय का?" असं विचारणं आणि त्याचं "हो" पुरावा म्हणून कोर्टात मांडणं, ही त्याची इच्छा झाली का? आधी नाव, फोटो, मावशीचं पत्र. मग भेटी, हळूहळू, सांभाळणाऱ्या बाईच्या देखत. मग राहण्याचा प्रश्न. या क्रमाने गेलेली आणि शेवटी मोठं केलेल्या घरीच राहिलेली मुलं असतील, तर तिथे माझी तक्रार नाही.

फिनाली प्रकरणात हा क्रम जाणूनबुजून मोडला. सालवार पाहिलं की मायेच्या युक्तिवादाचं काय होतं ते दिसतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये आईबाप पकडले गेले. न्यूझीलंडमधल्या आत्याने १९४५ च्या सुरुवातीलाच मुलांची चौकशी करून त्यांना मागितलं. तेव्हा रोबेर चार वर्षांचा व्हायचा होता, जेराल अडीच वर्षांचा. आंतुआनेत ब्रून या बाई ग्रेनोब्लच्या नगरपालिकेच्या पाळणाघराच्या प्रमुख होत्या. त्यांनी मुलं दिली नाहीत, उलट त्याच वर्षी तात्पुरतं पालकत्व आपल्या नावावर करून घेतलं. मार्च १९४८ मध्ये दोघांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे पाणी शिंपडून त्यांना ख्रिस्ती करून घेतलं गेलं. त्यांच्या आईवडिलांनी जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये, ज्या खुणेने जीव जाऊ शकतो हे माहीत असताना, दोन्ही मुलांची सुंता केली होती. आपलं मूल कोण असावं याबद्दल याहून स्पष्ट मृत्युपत्र कोण लिहिणार? जानेवारी १९५३ मध्ये ग्रेनोब्लच्या अपील न्यायालयाने मुलं नातेवाइकांकडे द्यायचा निकाल दिला, तेव्हा त्यांना पाद्र्यांच्या मदतीने पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये नेऊन लपवलं गेलं. ती जूनमध्ये परत आली. रोबेर बारा वर्षांचा झाला होता, जेराल अकराला टेकला होता.

"आता इतकी वर्षं झाली, मुलांना कसं तोडणार?" हा युक्तिवाद १९५३ मध्ये खरा होता. पण ती वर्षं आली कुठून? नकार देऊन, कोर्टात तारखा लांबवून ती गोळा केली होती. जमिनीच्या खटल्यात याला आपण वहिवाट म्हणतो. दुसऱ्याचा तुकडा बारा वर्षं उघडपणे कसला की कसणाऱ्याचा हक्क लागतो. मुलावर वहिवाट लागू केली, तर मुलाला लवकर परत करणारा प्रामाणिक माणूस हरतो आणि दडवून ठेवणारा जिंकतो. असा नियम पुढच्या संकटात किती आईबापांना मूल हवाली करू देईल?

बाप्तिस्म्याचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण त्याबद्दल फार ढोबळ बोललं जातं. खोट्या बाप्तिस्मा दाखल्यांनी हजारो जीव वाचले. चर्चचा शिक्का हा त्या काळातला उत्तम मुखवटा होता आणि असे दाखले देणारे कित्येक पाद्री, जोगिणी पकडल्या गेल्या, मेल्या. त्यांच्यापुढे डोकं टेकावं असंच ते काम आहे. पण मुखवटा म्हणून दिलेला बाप्तिस्मा युद्धानंतर मालकीचा कागद म्हणून वापरणं ही वेगळी गोष्ट झाली. १८५८ मध्ये बोलोन्यात एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला पोपच्या पोलिसांनी घरातून उचललं, कारण तो तान्हा असताना आजारपणात मोलकरणीने गुपचूप त्याच्यावर पाणी शिंपडलं होतं. त्याचे आईबाप जिवंत होते, दारात उभे होते, तरी उपयोग झाला नाही. १९४८ मध्ये ग्रेनोब्लला घडलं त्यामागचा विचार हाच होता, फक्त आता दारात उभं राहायला आईबाप नव्हते.

हा रोग फक्त चर्चला जडला होता असंही नाही. नेदरलँड्समध्ये सरकारने १९४५ मध्ये युद्धातल्या पालित मुलांसाठी आयोग नेमला. गेझिना व्हान डर मोलेन अध्यक्ष होत्या, कायद्याच्या पंडित, प्रतिकार चळवळीत उतरलेल्या, सच्च्या बाई. दोन हजारांहून अधिक अनाथ ज्यू मुलांचा निर्णय ज्या आयोगाने करायचा, त्यात ज्यू सदस्य अल्पमतात होते. एखाद्या मुलाला ज्यू कुटुंबाकडे द्यावं की नाही हे ठरवताना आयोग पाहत असे की मेलेले आईबाप कितपत ज्यू होते. धर्म पाळत होते का, प्रार्थनालयात जात होते का, ज्यू असण्याची जाणीव घरात होती का? या एका प्रश्नाने मला आजही संताप येतो. ज्यांना गाडीत कोंबताना कोणी हा प्रश्न विचारला नाही, आजी-आजोबा मोजून ज्यांना ज्यू ठरवलं आणि मारलं, त्यांच्या मुलांना परत देताना मात्र त्यांनी आपलं ज्यूपण सिद्ध करावं? साडेतीनशेच्या आसपास अनाथ मुलं ज्यू नसलेल्या घरांतच राहिली. त्यांतल्या काहींसाठी तेच बरं असेलही. पण ते मूल पाहून ठरायला हवं होतं, मेलेल्या बापाची हजेरी घेऊन ठरायला नको होतं.

नोंदीचा हक्क हा ताब्याच्या हक्काहून वेगळा आणि आधीचा आहे, हे जगाला पुढे अर्जेंटिनाने शिकवलं. तिथल्या लष्करी राजवटीने आईबापांना नाहीसं करून सुमारे ५०० बाळं लष्कराच्या जवळच्या घरांत वाटली. १९७७ पासून आज्या एकत्र येऊन नातवंडं शोधू लागल्या. तिथे ठेवून घेणारे चोर होते, इथे वाचवणारे होते, म्हणून तुलना अर्धीच लागू पडते. तरी त्या आज्यांनी मागितलं ते पाहा. तीस-चाळीस वर्षांच्या नातवाचा ताबा कोण मागणार? त्यांनी ओळख मागितली. १९८९ च्या बालहक्क करारातलं आठवं कलम, मुलाचं नाव, राष्ट्रीयत्व आणि नातेसंबंध जपण्याचं, अर्जेंटिनाच्या आग्रहाने त्यात आलं. ब्रुसेल्सच्या त्या पाच वह्यांत हेच कलम ४५ वर्षं आधी पेन्सिलीने पाळलं गेलं होतं, असं मी मानतो.

नोंद मुलापर्यंत वेळेवर पोचली नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण वॉर्सामधलं आहे. जुलै १९४२ मध्ये सहा महिन्यांच्या एका मुलीला गुंगीचं औषध देऊन, भोकं पाडलेल्या लाकडी पेटीत घालून, विटांच्या गाडीतून घेटोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीबाहेर काढलं. एका सुईणीने तिला आपली मुलगी म्हणून वाढवलं, मनापासून वाढवलं. आपण ज्यू आहोत हे त्या मुलीला सतराव्या वर्षी कळलं. पेटीत बाळाच्या अंगाशी एक चांदीचा चमचा ठेवलेला होता. त्यावर कोरलं होतं, "एल्झुनिया" आणि ५ जानेवारी १९४२. आडनाव कोरलेलं नव्हतं.